सोयाची अ‍ॅलर्जी: ताटात प्रथिन किती उरलंय?

सोयाची अ‍ॅलर्जी असल्याचं निदान झालं की घरात पहिली गदा येते ती टोफू, सोया दूध आणि सोया चंक्सवर. ते सोपं असतं. त्यांत सोया आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यांच्यावाचून बहुतेकांचं काही अडत नाही. डोकेदुखी पुढे सुरू होते. ब्रेडच्या पुड्यावर सोया, बिस्किटांवर सोया, चॉकलेटवर सोया, सूपच्या पाकिटावर सोया, जीवनसत्त्वाच्या गोळीच्या डबीवरसुद्धा सोया. मग माणसं दोन टोकांना जातात. काही जण 'एवढ्याशानं काय होतंय' म्हणत सगळंच खातात. काही जण इतकं पथ्य पाळतात की ताटात धड काही उरत नाही. दोघांनीही स्वतःला एकच प्रश्न विचारायला हवा: समोरच्या पदार्थात सोयाचं प्रथिन किती शिल्लक आहे?

कारण अ‍ॅलर्जी होते ती प्रथिनाची. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ३५ ते ४० टक्के प्रथिन आणि २० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. शरीराची संरक्षण यंत्रणा यातल्या काही प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवते. ही प्रतिपिंडं त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यांत असलेल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तेच प्रथिन पुन्हा पोटात गेलं की या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं एकदम सोडून देतात. ओठांना खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, चेहरा सुजतो, पोटात कळा येतात, उलट्या होतात, धाप लागते. हे सगळं बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत होतं. सोया खाल्ल्यावर पोटात गॅस धरणं ही अ‍ॅलर्जी नव्हे. त्यामागे सोयातल्या न पचणाऱ्या शर्करा असतात आणि अशा माणसानं प्रमाण कमी केलं तरी भागतं.

लहान बाळांमध्ये आणखी एक प्रकार आढळतो आणि तो हमखास चकवतो. यात आयजीईचा संबंध नसतो, म्हणून त्वचेची चाचणी आणि रक्ताची चाचणी दोन्ही नकारात्मक येतात. बाळ सोया खातं, तास-दोन तास मजेत खेळतं आणि मग अचानक भडाभडा उलट्या करतं, पांढरंफटक पडतं, मलूल होतं. अन्नातून विषबाधा झाली किंवा पोटात जंतुसंसर्ग झाला असं समजून उपचार होतात आणि पुढच्या वेळी सोया दिल्यावर तेच घडतं. डॉक्टरी भाषेत याला 'एफपाईज' म्हणतात. गाय-म्हशीचं दूध आणि सोया हे त्याचे नेहमीचे गुन्हेगार. इथे निदान होतं ते पालकांनी सांगितलेल्या हकिगतीवरून, त्यामुळे काय खाल्लं आणि किती वेळानं उलटी झाली याची नोंद चाचणीच्या कागदापेक्षा मोलाची ठरते.

सगळं सोया सारखं नसतं

सोयात एकच घातक प्रथिन असतं असं नाही. दाण्यात साठवणुकीची प्रथिनं असतात. प्रयोगशाळेच्या अहवालात ती 'ग्लाय एम ५' आणि 'ग्लाय एम ६' या नावांनी येतात. ही चिवट असतात. उकळा, भाजा, तळा, त्यांचा बराचसा भाग तसाच राहतो. ज्यांची अ‍ॅलर्जी या प्रथिनांशी आहे त्यांना भाजलेलं, शिजवलेलं, कुठल्याही रूपातलं सोया त्रास देऊ शकतं आणि तो त्रास तीव्र असण्याची शक्यताही जास्त.

दुसरी तऱ्हा वेगळी. बर्च नावाच्या झाडाचे परागकण नाकात जाऊन ज्यांना दर वसंतात शिंका येतात, त्यांच्यातल्या काहींना सोयातल्या 'ग्लाय एम ४' या प्रथिनाचाही त्रास होतो, कारण परागातलं प्रथिन आणि हे प्रथिन घडणीनं सारखं आहे. हे प्रथिन उष्णतेनं मोडतं. म्हणून अशा माणसाला खूप शिजवलेलं किंवा आंबवलेलं सोया अनेकदा चालतं. पण कमी प्रक्रिया झालेलं सोया पेय किंवा प्रथिन पावडर घटाघटा प्यायली की घसा सुजू शकतो. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००२ साली अशा २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. बहुतेकांना सोया प्रथिनाचं आहारपूरक पहिल्यांदा घेतल्यावर २० मिनिटांच्या आत त्रास झाला होता. शिवाय नेहमीच्या सोया चाचणीत हे प्रथिन फारच थोडं असतं, त्यामुळे अहवाल 'नकारात्मक' येऊनही माणूस अ‍ॅलर्जिक असू शकतो. अहवालावर नुसतं 'सोया पॉझिटिव्ह' लिहिलं असेल तर कुठल्या प्रथिनाला, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये. पथ्य किती कडक ठेवायचं ते त्यावरून बरंच ठरतं.

आंबवलेल्या सोयाबद्दल एक गैरसमज आहे की ते सगळ्यांनाच चालतं. सोया सॉस, मिसो, टेंपे यांत आंबवताना प्रथिनं बरीच तुटतात, पण पूर्ण नाहीशी होत नाहीत. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहूही असतो, हे वेगळंच. आणि नाट्टो हा जपानी पदार्थ तर कोड्यात टाकणारा आहे. त्यातल्या चिकट तारांमधलं पॉलिग्लुटामिक आम्ल काही जणांना बाधतं आणि त्याची प्रतिक्रिया अर्ध्या दिवसानंतरही येऊ शकते. जपानमध्ये असे रुग्ण तपासताना दिसलं की त्यांतले बरेचसे सर्फिंग करणारे होते. जेलीफिशच्या दंशातून शरीरात हेच रसायन शिरतं आणि अ‍ॅलर्जीची सुरुवात तिथे होते, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

तेल आणि लेसिथिन

सर्वांत जास्त गोंधळ या दोन गोष्टींवरून होतो, म्हणून इथे जरा थांबू.

सोयाबीनचं तेल दोन प्रकारांनी बाजारात येतं. एक पूर्ण शुद्ध केलेलं: डिंक काढलेलं, रंग काढलेलं, वास काढलेलं. या सगळ्या प्रक्रियेत प्रथिन जवळजवळ संपूर्ण निघून जातं. अमेरिकेच्या आणि युरोपीय संघाच्या कायद्यांनी अशा तेलाला अ‍ॅलर्जीच्या इशाऱ्यातून सूट दिली आहे आणि सोयाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते सोसतं. दुसरं घाण्याचं, नुसतं दाबून किंवा थंड दाबानं काढलेलं. 'नैसर्गिक' म्हणून ते जास्त कौतुकानं विकलं जातं, पण अ‍ॅलर्जीच्या दृष्टीनं तेच धोक्याचं, कारण त्यात प्रथिनाचे अंश राहतात. कमी प्रक्रिया म्हणजे जास्त सुरक्षित, हा एरवी उपयोगी पडणारा नियम इथे साफ उलटा होतो.

लेसिथिन हा तेल शुद्ध करताना वेगळा होणारा चिकट पदार्थ. तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवायला तो वापरतात. चॉकलेटमध्ये तो घातला की वितळलेलं चॉकलेट पातळ राहतं आणि महागडं कोको बटर कमी लागतं. हिशेब करून पाहा: शंभर ग्रॅम चॉकलेटमध्ये लेसिथिन असतं अर्धा ग्रॅमच्या आसपास, आणि त्या अर्ध्या ग्रॅममध्ये प्रथिनाचा केवळ अंश. म्हणूनच बहुतेक रुग्णांना लेसिथिन चालतं. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळे' नव्हेत. ज्यांना अगदी कणभर सोयानं त्रास झालाय त्यांनी ते टाळावं, आणि बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरांना एकदा थेट विचारून घ्यावं. तेल आणि लेसिथिन चालतं की नाही, याचं उत्तर मिळालं की दुकानातल्या फळीवरची निम्मी पाकिटं परत आपली होतात. माझ्या मते निदानानंतर डॉक्टरांना विचारण्यासारखा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच.

एक पाकीट वाचू या

समजा ब्रेडच्या पुड्यावर घटक असे छापलेत: गव्हाचं पीठ, पाणी, यीस्ट, साखर, खाद्य वनस्पती तेल, मीठ, सोया पीठ, इमल्सिफायर (३२२, ४७१), पीठ सुधारक. खाली ठळक अक्षरांत 'गहू आणि सोया आहे'.

यातलं तेल कुठलं ते लिहिलेलं नाही. ते सोयाचं असलं तरी शुद्ध केलेलं असण्याची शक्यता मोठी. ३२२ म्हणजे लेसिथिन, पण ते सोयाचंच असेल असं नाही. सूर्यफुलाचं, मोहरीच्या जातीतल्या रेपसीडचं किंवा अंड्याचंही असतं. नुसत्या आकड्यावरून स्रोत कळत नाही. ४७१ हा आकडा स्निग्धाम्लांपासून केलेल्या पदार्थाचा, त्यात प्रथिनाची भीती जवळपास नाही. नेमका वैरी आहे तो 'सोया पीठ'. ते ब्रेडमध्ये कशाला, असा प्रश्न पडेल. कच्च्या सोया पिठातलं एक विकर मैद्याचा पिवळसरपणा घालवून ब्रेड पांढराशुभ्र करतं आणि कणीक बळकट करतं, म्हणून बेकरीवाल्यांचं ते आवडतं. ब्रेडमध्ये त्याचं प्रमाण थोडं असलं तरी त्यात प्रथिन पुरेपूर असतं. म्हणजे या पुड्यात लेसिथिनकडे पाहून घाबरलेला माणूस चुकीच्या शब्दाला घाबरतोय.

याच नजरेनं इतर पाकिटं वाचावीत. सॉसेज, कबाब, पॅटिस, खिमा यांत सोया प्रथिन पाणी धरून ठेवतं आणि मांसाचं वजन वाढवतं. शाकाहारी 'मटण' किंवा 'चिकन' बहुधा सोयावरच उभं असतं. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन', 'टेक्स्चर्ड व्हेजिटेबल प्रोटीन', 'प्रोटीन आयसोलेट' हे शब्द दिसले आणि पुढे वनस्पतीचं नाव नसेल तर ते सोया धरून चालावं. सूपचे क्यूब, ग्रेव्हीचं मिश्रण, तयार सॉस, डबाबंद माशातला 'भाजीचा अर्क', प्रथिनाच्या वड्या आणि शेक, बाळाची पावडर यांवर खास नजर हवी. आणि तेच उत्पादन शंभर वेळा आणलेलं असलं तरी लेबल दर वेळी वाचायचं. कंपन्या पाककृती बदलतात आणि ते दवंडी पिटून सांगत नाहीत.

कायदा किती मदत करतो? देशागणिक वेगळा. अमेरिकेत २००४ च्या कायद्यानं सोयासह आठ अ‍ॅलर्जिक पदार्थ साध्या शब्दांत लिहिणं बंधनकारक झालं, पुढे नववा म्हणून तिळाची भर पडली. युरोपीय संघाच्या यादीत १४ पदार्थ आहेत, सोया त्यात आहे आणि तिथे सुट्या अन्नाबद्दलही माहिती द्यावी लागते. भारताच्या २०२० च्या लेबल नियमांतही सोयाबीन आहे. गंमत म्हणजे जपानमध्ये, जिथे सोयाशिवाय पान हलत नाही, तिथे सोया लिहिणं बंधनकारक नाही. ते शिफारशीच्या यादीत आहे. परदेशी पाकिटावर सोयाचा उल्लेख नाही म्हणून ते निर्धास्त खाऊ नये, ते यासाठी.

'यात सोयाचे अंश असू शकतात' ही ओळ मात्र बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असते. एक कंपनी काळजीपोटी ती छापते, दुसरी वकिलाच्या सल्ल्यानं सरसकट छापते, तिसरी छापतच नाही. ती नसणं ही सुरक्षिततेची हमी नाही. ज्यांना आधी तीव्र प्रतिक्रिया आली आहे किंवा ज्यांना दमा आहे त्यांनी ही ओळ गंभीरपणे घ्यावी.

दम्याचा उल्लेख उगाच केला नाही. स्वीडनमध्ये १९९३ ते १९९६ या काळात अन्नामुळे झालेल्या तीव्र प्रतिक्रियांची नोंद ठेवली गेली. त्यात चार तरुण जीव सोयामुळे गेले. चौघांनाही दमा होता आणि शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी होती. सोयाची अ‍ॅलर्जी आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. एरवी सोयाची प्रतिक्रिया शेंगदाण्याइतकी भयंकर सहसा नसते. पण दमा आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जोडीला असेल तर सोयाला कमी लेखू नये.

मग सोया हे कडधान्य, म्हणून हरभरा, वाटाणा, मसूर, मूग सगळंच बंद करायचं का? नाही. त्वचेच्या चाचणीत एकापेक्षा जास्त कडधान्यं 'पॉझिटिव्ह' येणं नेहमीचं आहे, कारण त्यांची प्रथिनं एकमेकांसारखी दिसतात. पण प्रत्यक्ष खाल्ल्यावर एकापेक्षा जास्त कडधान्यांचा त्रास होणारे रुग्ण थोडेच असतात. जे कडधान्य आजवर खाऊन पचवलंय ते केवळ कागदावरच्या अहवालामुळे सोडू नये, विशेषतः शाकाहारी माणसानं. सोया खाऊन वाढलेल्या कोंबडीचं मांस किंवा अंडी यांचीही भीती बाळगायचं कारण नाही.

बाहेर जेवताना 'मला सोयाची अ‍ॅलर्जी आहे, यात सोया आहे का?' असं विचारलं तर उत्तर हमखास 'नाही' येतं, कारण विचारलेल्याच्या डोळ्यांसमोर सोया सॉसची बाटली असते. त्यापेक्षा नेमके प्रश्न विचारावेत. मॅरिनेडमध्ये कुठला सॉस आहे? खिमा तयार आणलेला आहे की इथेच केलेला? ग्रेव्ही पाकिटातली आहे का? आणि तळण्याची कढई एकच आहे का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तेल शुद्ध असलं तरी त्याच तेलात टोफू तळला गेला असेल तर त्याची प्रथिनं तेलात उतरतात आणि पुढच्या घाण्याला लागतात. उत्तर देणारा गडबडला तर साधं भाजलेलं किंवा वाफवलेलं काही मागवावं. जिथे जवळजवळ प्रत्येक पदार्थात सोया सॉस पडतो अशा जागी धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

घरी बाकीची माणसं सोया खात असतील तर वेगळं भांडं, वेगळा चमचा, आणि अ‍ॅलर्जी असलेल्याचा स्वयंपाक आधी. हात आणि ओटा साबण-पाण्यानं धुवावा. सॅनिटायझर जंतू मारतो, पण प्रथिन जागच्या जागीच ठेवतो. सोयाचं कोरडं पीठ उडवू नये. बेकरीत काम करणाऱ्यांना त्यानं दमा झाल्याची उदाहरणं आहेत. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या २६ साथी आल्या. एकाच दिवशी कितीतरी माणसं दम लागून इस्पितळात धाव घ्यायची. शेवटी धागा सापडला तो बंदरावर उतरवल्या जाणाऱ्या सोयाबीनच्या धुळीत. एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. ती बसवली आणि साथी थांबल्या. तिथे दोषी ठरलं ते दाण्याच्या सालीतलं प्रथिन, खाण्यातून त्रास देणारं नव्हे.

सोयाऐवजी काय, याला मोठी यादी लागत नाही. अंडी, मासे, दूध, इतर कडधान्यं, बिया यांतलं जे चालतं ते खावं. अडचण येते ती दूधही वर्ज्य असलेल्यांना. सोया पेयात १०० मिलीला तीनेक ग्रॅम प्रथिन असतं, ओटच्या पेयात एक ग्रॅमच्या आसपास, बदामाच्या पेयात त्याहून कमी. रंग पांढरा म्हणून ही पेयं एकमेकांची जागा घेत नाहीत. मूल लहान असेल तर कॅल्शियम घातलेलं पेय निवडून प्रथिनाची भर दुसरीकडून घालावी लागते आणि त्यासाठी आहारतज्ज्ञाची एक भेट पैसे वसूल करते. ज्या बाळाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्याला सरसकट सोया पावडर सुरू करण्याआधीही विचारावं. अशा बाळांपैकी साधारण १० ते १४ टक्क्यांना सोयाचाही त्रास होतो, आणि सहा महिन्यांच्या आत तर युरोपातले बालपोटविकार तज्ज्ञ सोया पावडर टाळायलाच सांगतात.

आणीबाणीची तयारी मात्र घासाघीस न करता ठेवावी. श्वास लागणं, आवाज बसणं, चक्कर येणं, किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या होणं, यांपैकी काही दिसलं तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलीन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, पण घसा आणि रक्तदाब सावरत नाही. तिच्या भरवशावर थांबल्यानं वेळ जातो. माणसाला आडवं झोपवावं, धाप असेल तर बसतं ठेवावं, एकदम उभं करू नये आणि रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगावं. भुलेसाठी वापरलं जाणारं प्रोपोफॉल शुद्ध सोया तेलात केलेलं असतं. बहुतेक रुग्णांना ते चालतं, पण निर्णय तज्ज्ञानं माहिती घेऊन करावा.

हे पथ्य कायमचंच असतं असं मानू नये. अमेरिकेत सोयाची अ‍ॅलर्जी असलेल्या १३३ मुलांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सहाव्या वर्षापर्यंत ४५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ६९ टक्के मुलांची अ‍ॅलर्जी जाण्याचा अंदाज होता. म्हणून लहान मुलाची तपासणी दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करतात. रक्तातली आयजीई उतरलेली दिसली की डॉक्टर आपल्या देखरेखीखाली, सगळी औषधं हाताशी ठेवून, चिमूटभरापासून सुरू करून वाढत्या मात्रेत सोया खायला देतात. हा प्रयोग घरी करायचा नाही. चाचणीत मूल पास झालं तरी भीतीपोटी सोया दूरच ठेवणारे पालक बरेच असतात. डॉक्टर अशा वेळी उलटंच सांगतात: आता ते आठवड्यातून काही वेळा, ठरवून, खाऊ घाला.